फिलिपीन्समधील नाताळ-नववर्षाची खाद्यपरंपरा

फिलिपीन्समध्ये नाताळपूर्व नऊ पहाटांच्या उपासनेपासून जानेवारीतील तीन राजांच्या सणापर्यंत कुटुंबात पाळली जाणारी सहभोजनांची व विशिष्ट खाद्यपदार्थांची परंपरा. हिचे तीन प्रमुख भाग पडतात : (१) १६ ते २४ डिसेंबर या काळातील पहाटेच्या मिस्सेनंतरचा न्याहारीवजा अल्पाहार, (२) २४ डिसेंबरच्या मध्यरात्रीचे ‘नोचे ब्वेना’ हे भोजन आणि (३) ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीचे ‘मेद्या नोचे’ हे भोजन. या भोजनांतील पदार्थ मलायी, चिनी, स्पॅनिश, मेक्सिकन व अमेरिकन अशा निरनिराळ्या मुळांचे आहेत. तथापि विखुरलेले कुटुंब वर्षातून एकदा एका पंगतीला बसविणे, हे या सर्व भोजनांचे समान प्रयोजन होय. गेल्या पाच दशकांत लक्षावधी फिलिपिनो स्त्री-पुरुष नोकरीसाठी परदेशी राहू लागल्याने या प्रयोजनाला वेगळे महत्त्व प्राप्त झाले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : भात व नारळ हे फिलिपीन्सच्या आहाराचे प्राचीन आधार होत. चिकट तांदूळ, ओला नारळ आणि ऊस किंवा ताडवर्गीय झाडांपासून मिळणारी गोडी यांपासून केलेले खाद्यपदार्थ ख्रिस्ती धर्माच्या आगमनापूर्वीही विधिप्रसंगी केले जात आणि पूर्वजांच्या व निसर्गातील शक्तींच्या आत्म्यांना (अनितो) अर्पण केले जात. माजेलनच्या सफरीत सहभागी असलेला इटालियन वृत्तांतकार आंतोन्यो पिगाफेत्ता याने १५२१ मध्ये पालावान बेटावर बांबूच्या नळ्यांत शिजविलेला भात पाहिल्याची नोंद केली आहे. अशा गोड भातप्रकारांना व पिठाच्या पदार्थांना आजही ‘काकानिन’ असे सामूहिक नाव असून ते ‘कानिन’ म्हणजे भात या शब्दावरून पडले आहे.

स्पॅनिश लोकांनी १५६५ मध्ये सेबू येथे व १५७१ मध्ये मनिला येथे आपली सत्ता स्थापन केली. धर्मप्रसार करताना मिशनऱ्यांनी सुगीच्या हंगामाला लागून येणाऱ्या नाताळाला विशेष उठाव दिला. पावसाळी भाताची कापणी सामान्यतः डिसेंबरपर्यंत आटोपते; त्यामुळे नवे तांदूळ घरात आलेले असतात व हवाही वर्षातील सर्वांत थंड असते. जुन्या सुगीच्या सणातील भाताचे पदार्थ अशा रीतीने नव्या धर्मसणात सामावले गेले. नाताळाला तेथे ‘पास्को’ म्हणतात. ‘पास्क्वा’ या स्पॅनिश शब्दाचे ते स्थानिक रूप आहे.

मनिला व मेक्सिकोतील आकापुल्को या बंदरांदरम्यान १५६५ ते १८१५ या काळात चाललेल्या गॅलियन जहाजांच्या व्यापारामुळे कोको, मका, टोमॅटो, अननस, पपई इ. अमेरिकी पिके फिलिपीन्समध्ये आली. याच काळात मनिलातील चिनी वस्तीने शेवयांचे प्रकार, लुंपिया या वळकट्या, सोयाबीनचे पदार्थ व खारविलेल्या मांसाच्या पद्धती रूढ केल्या. अमेरिकी राजवटीत (१८९८–१९४६) डबाबंद फळे, आटीव दूध, मॅकरोनी, मेयोनेझ व हवाबंद मांस यांची भर पडली. शाळांतून शिकविल्या जाणाऱ्या गृहविज्ञानामुळे त्यांचा प्रसार मध्यमवर्गीय घरांत झपाट्याने झाला. फिलिपिनो खाद्यसंस्कृतीच्या अभ्यासक डोरीन फर्नांडेझ (१९३४–२००२) यांनी परकीय पदार्थांच्या या स्वीकाराचे वर्णन ‘स्वदेशीकरण’ असे केले. परका पदार्थ प्रथम पाहुणा म्हणून येतो, स्थानिक जिन्नस व स्थानिक रुची यांनुसार बदलतो आणि अखेर घरचाच समजला जातो, असे त्यांच्या विवेचनाचे सूत्र होते. वर्षान्ताच्या भोजनात ही प्रक्रिया सर्वांत स्पष्टपणे दिसते.

सणाचा कालावधी : २०२० च्या जनगणनेनुसार फिलिपीन्सच्या लोकसंख्येत रोमन कॅथलिकांचे प्रमाण ७८·८ टक्के आणि मुस्लिमांचे ६·४ टक्के होते. नाताळाची चाहूल सप्टेंबरपासूनच लागते. ज्या महिन्यांच्या इंग्रजी नावाच्या शेवटी ‘बर’ येते, ते सर्व नाताळाचे महिने, असे तेथे विनोदाने म्हणतात. घरोघरी ‘पारोल’ नावाचे बांबू व कागद यांचे ताऱ्याच्या आकाराचे आकाशकंदील लावतात. धार्मिक दृष्ट्या मात्र सणाचा प्रारंभ १६ डिसेंबरच्या पहाटे होतो आणि पूर्वी ६ जानेवारीस, आता सामान्यतः जानेवारीतील पहिल्या रविवारी, तीन राजांच्या सणाने त्याची सांगता होते.

पहाटेची उपासना व न्याहारी : १६ ते २४ डिसेंबर या नऊ दिवसांत पहाटे चारच्या सुमारास होणाऱ्या मिस्सांना ‘सिम्बांग गाबी’ (रात्रीची उपासना) म्हणतात. शेतकऱ्यांना व मजुरांना कामावर जाण्यापूर्वी उपासनेस उपस्थित राहता यावे, म्हणून ही वेळ ठरली, असे मानतात. नऊच्या नऊ मिस्सांना हजर राहणाऱ्याची मनोकामना पूर्ण होते, अशी लोकसमजूत आहे. मोठ्या शहरांत अलीकडे आदल्या सायंकाळीही या मिस्सा होतात.

चर्चच्या आवारात या काळात विक्रेत्यांची रांग लागते. उपासना संपताच कुटुंबे तेथे थांबून गरम पदार्थ खातात व घरी झोपलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी आणि लहान मुलांसाठी बांधून नेतात. या पदार्थांत दोन प्रमुख आहेत. पहिला, बिबिंगका. तांदूळ रात्रभर भिजवून ओलाच वाटतात. या वाटलेल्या पिठास ‘गलापोंग’ म्हणतात. पूर्वी ते दगडी जात्यावर वाटीत व आंबवीत. आता बहुधा गिरणीतील पीठ व बेकिंग पावडर वापरतात. गलापोंगात नारळाचे दूध, साखर व अंडी घालून ते केळीच्या पानाने मढविलेल्या मातीच्या परळात ओततात. परळाच्या खाली निखारे असतात व वरच्या झाकणावरही निखारे ठेवतात. दोन्ही बाजूंनी आच लागल्याने पीठ फुगते, कडा खरपूस होतात आणि करपलेल्या पानाचा वास त्यात उतरतो. वरून खारविलेल्या बदकाच्या अंड्याच्या चकत्या व म्हशीच्या दुधाचे पांढरे मऊ चीज घालतात. खाताना लोणी लावून ओल्या नारळाचा चव पसरतात. गोड व खारट या चवींचे असे मिश्रण हे फिलिपिनो रुचीचे वैशिष्ट्य होय.

दुसरा पदार्थ पुतो बुंबोंग. हा पिरुरुतोंग नावाच्या जांभळट-काळ्या चिकट तांदळापासून करतात. भिजवून वाटलेले पीठ निथळून मोकळे करतात, बांबूच्या अरुंद नळ्यांत (बुंबोंग) सैलसर भरतात आणि नळ्या उकळत्या पाण्याच्या भांड्याच्या तोंडाशी उभ्या बसवितात. वाफेने शिजलेली जांभळी कांडी नळीतून केळीच्या पानावर झटकून काढतात व तीवर लोणी, नारळाचा चव आणि गुळासारखी कच्ची तपकिरी साखर घालतात. पिरुरुतोंगचे पीक कमी उत्पन्नाचे व उशिरा तयार होणारे असल्यामुळे १९६० नंतर अधिक उत्पन्न देणाऱ्या वाणांच्या प्रसाराबरोबर त्याची लागवड आक्रसत गेली. आज बहुसंख्य विक्रेते पांढऱ्या चिकट तांदळात जांभळ्या कंदाची पूड किंवा खाद्यरंग मिसळतात. त्यामुळे रंग कायम राहिला, पण मूळ तांदळाचा किंचित खमंग स्वाद अनेक तरुणांना अपरिचित झाला आहे.

या पदार्थांबरोबर ‘सलाबात’ हा आल्याचा गोड काढा किंवा ‘चोकोलाते’ हे कोकोचे दाट पेय घेतात. भाजून वाटलेल्या कोकोच्या वड्या गरम पाण्यात अथवा दुधात विरघळवून लाकडी रवीने घुसळल्यावर ते तयार होते. खोसे रिसाल यांच्या नोली मे तांगेरे (१८८७) या कादंबरीत पाहुण्याच्या योग्यतेनुसार दाट किंवा पाणचट चोकोलाते देण्याच्या मठवासीयांच्या युक्तीचा उपहास आहे. पेयाचा दाटपणा हे प्रतिष्ठेचे माप कसे होते, हे त्यावरून कळते.

गोव्यातील पदार्थांशी साम्य : भारतीय वाचकास या पदार्थांत काही ओळखीच्या खुणा दिसतील. गोव्यातील नाताळाचे प्रसिद्ध पक्वान्न बेबिंक आणि बिबिंगका यांची नावे एकमेकांशी जुळती आहेत. इंडोनेशियातही ‘बिंगका’ नावाचा पदार्थ आहे. पदार्थ म्हणून मात्र ते भिन्न आहेत. बेबिंक हे अंड्यांचे बलक, नारळाचे दूध, पीठ, साखर व तूप यांचे थरावर थर भाजून केलेले मिष्टान्न आहे, तर बिबिंगका हे तांदळाच्या पिठाचे एकजीव व स्पंजासारखे असते. वरून निखाऱ्यांची आच देण्याची रीत दोहोंत समान आहे. नावाचा प्रवास कोणत्या दिशेने झाला, यावर एकमत नाही. सेबू प्रांतातील मांदावे येथे बिबिंगकाचे पीठ माडीने आंबवितात. गोव्यातील सान्नांची कृतीही अशीच आहे. बांबूच्या नळीत वाफवलेला पुतो केरळमधील पुट्टूची आठवण करून देतो, तर नारळाचे दूध, तांदळाचे पीठ व गूळ आटवून गोव्यात नाताळाला केला जाणारा दोदोल हा पदार्थ त्याच नावाने मिंदानाओमधील मुस्लिम समाजात सणासमारंभांना करतात. हिंदी महासागरातून आग्नेय आशियापर्यंत पसरलेल्या भात-नारळाच्या एका जुन्या पट्ट्याची ही साम्ये निदर्शक आहेत. धर्माच्या सीमा त्यांना आड आलेल्या नाहीत.

नोचे ब्वेना : नाताळच्या पूर्वसंध्येला मध्यरात्रीची मिस्सा (मिसा दे गाल्यो, म्हणजे कोंबड्याची मिस्सा) आटोपल्यावर होणाऱ्या भोजनास नोचे ब्वेना (शुभरात्र) म्हणतात. कॅथलिक नियमानुसार पूर्वी २४ डिसेंबर हा उपवासाचा दिवस असे. तेव्हा मध्यरात्रीनंतरचे जेवण म्हणजे उपवासाचे पारणे होते. उपवासाचे बंधन विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिथिल झाले. तरी मध्यरात्रीची वेळ कायम राहिली. लहान मुलांना या एका रात्री जागे राहण्याची मुभा असते, किंबहुना झोपलेल्यांना जेवणासाठी उठवितात. घरातील कोणी नसताना जेवणास प्रारंभ करणे अशोभनीय मानतात.

संपन्न घरातील पंगतीत पुढील पदार्थ आढळतात. हामोन म्हणजे खारवून टिकविलेली डुकराची मांडी. ती अननसाचा रस व कच्ची साखर यांत मंद शिजवून तिच्यावर गोड चकाकी आणतात. चिनी पद्धतीने खारवून वाळविलेल्या मांड्यांसाठी मनिलाच्या कियापो भागातील दुकाने प्रसिद्ध आहेत. केसो दे बोला हे लाल मेणाच्या आवरणातील चेंडूसारखे गोल एडाम चीज. ते मूळचे डच असले, तरी फिलिपीन्समध्ये त्याची ओळख नाताळाशी इतकी निगडित आहे, की एरवी ते फारसे विकत घेतले जात नाही. तुकडे करून पावाबरोबर खाण्याखेरीज ‘एनसायमादा’ या लोणी लावलेल्या, गुंडाळी केलेल्या गोड पावावर ते किसून घालतात. हा पाव मूळचा स्पेनमधील मायोर्का बेटावरचा. तेथे त्यावर चीज घालीत नाहीत. लेचोन म्हणजे बांबूच्या दांड्यावर फिरवीत निखाऱ्यावर अनेक तास भाजलेले अख्खे डुक्कर. लूझोनमध्ये ते यकृताच्या दाट आमटीबरोबर खातात, तर सेबूत त्याच्या पोटात गवती चहा, लसूण, कांद्याची पात इ. भरतात व वेगळ्या आमटीची गरज मानीत नाहीत. याशिवाय पानसित या शेवया, लुंपिया, एम्बुतिदो (वाटलेल्या मांसाची वाफवलेली वळकटी), सारण भरलेली कोंबडी, अंड्यांचा बलक व आटीव दूध यांचे लेचे फ्लान आणि डबाबंद फळांत साय व आटीव दूध घालून थंड केलेले फळांचे सॅलड हे पदार्थ असतात.

लहान मुलांचा आवडता पदार्थ म्हणजे गोड स्पॅगेटी. तिच्या आमटीत केळ्यांचे केचप व सॉसेजचे तुकडे घालतात. केळ्यांचे केचप ही फिलिपिनो अन्नतंत्रज्ञ मारिया ओरोसा यांची देणगी मानतात. अमेरिकेत शिक्षण घेऊन परतल्यावर त्यांनी शासकीय विज्ञानसंस्थेत स्थानिक फळे, कंद व सोयाबीन यांपासून टिकाऊ अन्नपदार्थ बनविण्याचे प्रयोग केले. आयात टोमॅटोवर व डबाबंद मालावर देशाने अवलंबून राहू नये, हा त्यांचा हेतू होता. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी तयार केलेली पौष्टिक पूड मनिलातील कैद्यांपर्यंत चोरून पोहोचविली जाई. फेब्रुवारी १९४५ मध्ये मनिलाच्या लढाईत त्यांचा मृत्यू झाला.

गरीब घरांत ही यादी अर्थातच आक्रसते. हामोनऐवजी डबाबंद मांस, गोल चीजऐवजी त्याचा लहान तुकडा, लेचोनऐवजी भाजलेली कोंबडी येते. शेवयांची परात, भाताचा एखादा गोड पदार्थ आणि गरम चोकोलाते एवढ्यावरही नोचे ब्वेना साजरे होते. मेज अगदी रिकामे राहू नये, एवढा आग्रह मात्र सर्व थरांत असतो. दुसऱ्या दिवशी उरलेल्या पदार्थांची नवी रूपे होतात. लेचोनचे मांस व्हिनेगर, लसूण व यकृताची आमटी यांत शिजवून ‘पाक्सिव’ करतात. हॅमच्या हाडाचे घेवड्याच्या दाण्यांबरोबर सूप होते. काही घरांत तर मूळ पदार्थापेक्षा या शिळ्या पदार्थांचीच अधिक वाट पाहतात.

मेद्या नोचे : जुन्या वर्षाच्या अखेरच्या मध्यरात्री होणाऱ्या या भोजनात चिनी शुभसंकेतांचा प्रभाव ठळक आहे. मेजावर बारा गोल फळे मांडतात. वर्षाच्या प्रत्येक महिन्यासाठी एक, असा त्याचा अर्थ लावतात. काही घरांत ही संख्या तेरा असते. गोल आकार नाण्याचे व पर्यायाने समृद्धीचे प्रतीक होय. संत्री, द्राक्षे, कलिंगड, पपनस, खरबूज इत्यादींना त्यामुळे वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात मोठी मागणी येते. शेवया दीर्घायुष्याच्या द्योतक असल्याने त्या न तोडता वाढतात. बिको, सुमान यांसारखे चिकट भाताचे पदार्थ घरात भाग्य चिकटून राहावे व कुटुंबातील माणसे एकमेकांना धरून राहावीत, म्हणून खातात. कोंबडी व मासे वर्ज्य मानतात. कारण पायाने उकरून चोचीने टिपण्याइतकेच कोंबडीचे प्राप्तिसाधन असते, तेव्हा तिचे मांस हातातोंडाशी गाठ असलेल्या संसाराचे चिन्ह समजले जाते. तांदळाचे पिंप, मिठाची व साखरेची बरणी आणि पाण्याची भांडी मध्यरात्रीपूर्वी काठोकाठ भरून ठेवण्याची रीत आहे. गोल ठिपक्यांचे कपडे घालणे, खिशात नाणी खुळखुळविणे, उंची वाढावी म्हणून मुलांनी बाराच्या ठोक्याला उड्या मारणे, या प्रथाही याच संकेतांना जोडून येतात.

प्रादेशिक भेद : पांपांगा प्रांत पाककौशल्यासाठी विख्यात असून तेथे नाताळात पपईचे सारण भरून तळलेल्या ‘पानारा’ करंज्या करतात, प्रांताची राजधानी सान फेर्नांदो येथील प्रचंड आकाशकंदिलांचा उत्सवही याच काळात भरतो. उत्तर लूझोनमधील ईलोकोस व पांगासिनान भागांत ‘तुपिग’ लोकप्रिय आहे. चिकट तांदळाचे पीठ, कोवळे खोबरे व काकवी यांचे मिश्रण केळीच्या पानात गुंडाळून ते कोळशावर भाजतात व नाताळगीते गात दारी येणाऱ्यांना देतात. बुलाकानमध्ये म्हशीच्या दुधाच्या वड्या नाजूक कातरकाम केलेल्या कागदांत गुंडाळतात. सेबूतील कात्मोन येथे ‘कबोग’ या भरडधान्याचा सुमान करतात. मिंदानाओ व सुलू भागांतील मुस्लिम समाज नाताळ पाळीत नाही. मात्र मिश्र वस्तीत सणाचे पदार्थ शेजारी पाठविताना ते डुकराचे मांस वगळून निवडण्याची दक्षता घेतात.

कुटुंबातील स्थान : या पदार्थांची तयारी हे सामूहिक काम असते. तांदूळ वाटणे, नारळ खवणे, पाने पुसून आचेवर मऊ करणे, सुमान बांधणे ही कामे वयानुसार वाटून दिली जातात. प्रमाणे बहुधा आजीच्या (लोला) हाताला ठाऊक असतात. ती लिहून ठेवण्याची पद्धत नव्हती. त्यामुळे आजी गेली, की घरातील एखादा पदार्थही तिच्याबरोबर जातो, हा अनेक कुटुंबांचा अनुभव आहे. नाताळच्या दिवशी मुले वडीलधाऱ्यांचा हात आपल्या कपाळाला लावून आशीर्वाद घेतात आणि धर्मपिता (निनोंग) व धर्ममाता (निनांग) यांच्याकडून ‘अगिनाल्दो’ ही भेट, बहुधा नव्या कोऱ्या नोटा, मिळवितात. प्रत्येक घरी त्यांना काही तरी खावे लागते. नातेसंबंधांचे हे वार्षिक नूतनीकरण असून न जाणे किंवा न खाणे हा दुरावा मानला जातो.

आर्थिक व सामाजिक परिणाम : सणाच्या खर्चाची तरतूद कायद्यानेही केलेली आहे. १६ डिसेंबर १९७५ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशान्वये (क्र. ८५१) मालकांनी कामगारांना दरवर्षी २४ डिसेंबरपर्यंत तेराव्या महिन्याचे वेतन देणे बंधनकारक झाले. प्रारंभी दरमहा १,००० पेसोंपर्यंत वेतन असणाऱ्यांनाच याचा लाभ मिळे; १९८६ मध्ये ही मर्यादा काढून टाकण्यात आली. व्यापार व उद्योग खाते हॅम, चीज, फळांचे डबे, शेवया इ. ‘नोचे ब्वेना’ वस्तूंचे दरपत्रक दरवर्षी प्रसिद्ध करते. तरीही महागाईचा फटका याच पंगतीला सर्वांत तीव्रतेने जाणवतो. २०१९ मध्ये आफ्रिकी स्वाइन फीव्हर हा वराहरोग देशात शिरल्यानंतर डुकराच्या मांसाचा पुरवठा घटला. डिसेंबर २०२२ मध्ये मनिला परिसरात कांद्याचा भाव किलोस सु. ७०० पेसोंपर्यंत चढला. नोव्हेंबर २०२५ मध्ये चौघांच्या कुटुंबाचे नोचे ब्वेना ५०० पेसोंत होऊ शकते, असे विधान त्या खात्याच्या प्रमुखांनी केले, तेव्हा त्यावर देशभर टीका झाली. वादाचा विषय वरवर बाजारभावाचा होता. प्रत्यक्षात गरिबाच्या सणाला किती प्रतिष्ठा असावी, हा प्रश्न त्यामागे होता. नैसर्गिक आपत्तींची छायाही या सणावर पडते. १६ डिसेंबर २०२१ रोजी, म्हणजे पहाटेच्या मिस्सांच्या पहिल्याच दिवशी, ‘ओदेत’ हे प्रचंड चक्रीवादळ मध्य व दक्षिण फिलिपीन्सवर आदळले आणि असंख्य कुटुंबांनी तो नाताळ छप्पर उडालेल्या घरांत व निवाराकेंद्रांत मदतीच्या शिध्यावर साजरा केला.

स्थलांतर व परंपरा : १९७३ मध्ये परदेशस्थ फिलिपिनोंना मायदेशभेटीस उत्तेजन देण्यासाठी ‘बालिकबायान’ (देशी परतणारा) योजना सुरू झाली आणि १९७४ च्या कामगार संहितेने परदेशी नोकरीला संघटित रूप दिले. आखाती देश, हाँगकाँग, सिंगापूर, युरोप, अमेरिका व जगभरची जहाजे येथे लक्षावधी फिलिपिनो काम करू लागले. २०२३ मध्ये त्यांनी बँकांमार्फत मायदेशी पाठविलेली रक्कम सु. ३,३५० कोटी अमेरिकी डॉलर होती. डिसेंबरात हा ओघ सामान्यतः वाढतो. पैशाबरोबर ‘बालिकबायान पेटी’ हे पुठ्ठ्याचे मोठे खोके समुद्रमार्गे पाठवितात. डबाबंद मांस, चॉकलेटे, कॉफी, साबण, कपडे असे जिन्नस कित्येक महिने थोडेथोडे जमवून ते भरतात आणि नाताळापूर्वी पोहोचावे, म्हणून बरेच आधी रवाना करतात. २०१६ च्या सीमाशुल्क कायद्याने अशा भेटवस्तूंच्या करमाफीची मर्यादा वाढवून १,५०,००० पेसो केली व वर्षातून तीन वेळा ही सवलत दिली.

या व्यवहारात एक विसंगती आहे. नोचे ब्वेनाचे मेज समृद्ध करणारी व्यक्तीच अनेकदा त्या मेजावर नसते. परदेशी गेलेल्यांत घरकाम व शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण मोठे असल्याने पुष्कळ घरांत सणाचा स्वयंपाक आईऐवजी आजी, मावशी किंवा मोठी मुलगी करते. पूर्वी ध्वनिफितींवर पाठविलेला निरोप या रात्री ऐकला जाई. आता मेजाच्या टोकाला दूरध्वनी उभा करून परदेशस्थ माणसाला चित्ररूपाने पंगतीत सामील करून घेतात. दोन ठिकाणच्या वेळेतील फरकामुळे त्याच्याकडे तेव्हा बहुधा कामाची वेळ असते. उलट परदेशांतील फिलिपिनो वस्त्यांत काकानिनचे महत्त्व वाढलेले दिसते. गोठविलेली केळीची पाने व खवलेला नारळ तेथील दुकानांत मिळतात, निखाऱ्यांऐवजी विजेच्या भट्टीत बिबिंगका भाजतात, आणि सिम्बांग गाबीच्या मिस्सा अमेरिकेतील अनेक चर्चांत सायंकाळी होतात. मायदेशी शहरी घरे आयात हॅम व चीज यांना प्रतिष्ठा देत असताना परदेशी गेलेली माणसे गावच्या चर्चबाहेरील भाताच्या पदार्थाला सणाचे खरे चिन्ह मानतात.

जागतिक बाजारपेठ, तयार पदार्थ व शहरी जीवन यांमुळे या परंपरेतील जिन्नस यापुढेही बदलत राहतील. चार शतकांचा अनुभव असा आहे, की पदार्थ बदलले तरी मध्यरात्रीची वेळ, भाताचा एक तरी पदार्थ आणि सर्वांनी मिळून बसण्याचा आग्रह कायम राहिला. पिरुरुतोंगसारख्या वाणांचे जतन आणि घरगुती कृतींच्या नोंदी यांकडे अलीकडे काही शेतकरी, पाककलातज्ञ व अभ्यासक लक्ष देत आहेत. पंगत मोडणार नाही याची काळजी मात्र प्रत्येक कुटुंबाने आपापल्या परीने वाहिली आहे. गैरहजर माणसासाठी ताट मांडून ठेवणे व पेटीतून आलेला डबा त्याच्या नावाने उघडणे, ही त्या काळजीचीच रूपे होत.